कॅमेरूनमध्ये पैसा: किती, कोणता आणि कुठल्या खिशात

कॅमेरूनला निघालेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, "दिवसाला किती लागतील?" त्याचं उत्तर पुढे दिलं आहे. पण या देशात रकमेपेक्षा जास्त अडचण होते ती पैशाच्या रूपाची. खात्यात लाखभर रुपये आहेत, पाकिटात तीन कार्डं आहेत, आणि तरीही दुआलाच्या टॅक्सीतून उतरताना साडेतीनशे फ्रँक सुटे नाहीत म्हणून भर रस्त्यात खोळंबून राहायची वेळ येते. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही फोनवरून द्यायची सवय लागली आहे. ती सवय तिथे उपयोगाची नाही. यूपीआय चालत नाही. मोठी हॉटेलं, काही सुपरमार्केटं आणि विमान कंपन्यांची कार्यालयं सोडली तर कार्ड फारसं कुणी घेत नाही. बाकीचा सगळा व्यवहार रोखीने होतो, नाहीतर तिथल्या मोबाइल खात्यातून. म्हणून बजेट आखताना दोन प्रश्नांचं उत्तर एकत्र शोधायला हवं: किती पैसे न्यायचे, आणि ते कुठल्या रूपात न्यायचे.

मुंबईहून जाणारे बहुतेक जण आदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलून दुआला नाहीतर याउंदेला उतरतात. त्यांत औषधांचे व्यापारी असतात, यंत्रं बसवायला निघालेले अभियंते असतात, संस्थांची कामं करणारे असतात, आणि जंगल-डोंगर पाहायला निघालेले हौशी प्रवासीही असतात. कंपनी हॉटेलचं बिल भरणार असली तरी दारातून बाहेर पडल्यावरचा खर्च आपलाच असतो. त्यामुळे पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

फ्रँकचा हिशेब

कॅमेरूनचं चलन सीएफए फ्रँक. ते एकट्या कॅमेरूनचं नाही. गॅबन, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, विषुववृत्तीय गिनी आणि ब्राझाव्हिल राजधानी असलेला काँगो यांच्यासह सहा देशांत हेच चलन चालतं. नोटा काढते ती बेआक ही मध्यवर्ती बँक, तिचं मुख्यालय याउंदेत आहे. किन्शासा राजधानी असलेला मोठा काँगो या गटात नाही, त्याचा फ्रँक निराळा. सेनेगल, कोत दिव्हार वगैरे पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांतही सीएफए फ्रँकच आहे आणि त्याची किंमतही तंतोतंत तेवढीच आहे, पण त्या नोटा वेगळ्या बँकेच्या. डाकारमध्ये उरलेले फ्रँक दुआलाच्या बाजारात कुणी घेणार नाही. आफ्रिकेतले दोन-चार देश एका फेरीत करणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावं.

या फ्रँकची दोरी युरोला बांधलेली आहे. एका युरोला ६५५.९५७ फ्रँक, हा दर ठरलेला आहे. १९४५ साली हे चलन सुरू झालं तेव्हा ते फ्रान्सच्या फ्रँकशी जोडलेलं होतं. जानेवारी १९९४ मध्ये एका फटक्यात त्याची किंमत निम्मी करण्यात आली, १९९९ मध्ये युरो आल्यावर तेच प्रमाण युरोत मांडलं गेलं, आणि तेव्हापासून ते हललेलं नाही. प्रवाशासाठी याचा अर्थ सरळ आहे: डॉलर नव्हे, युरो न्या. डॉलर घेतात, पण त्याचा भाव रोज बदलतो आणि बदलून देणारा आपला फायदा त्यात धरून ठेवतो. युरोचा भाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतो, त्यामुळे फसवायला जागा कमी उरते. घरी बसून युरोत मांडलेला हिशेब तिथे पोहोचेपर्यंत बिघडत नाही, हा आणखी एक लाभ.

रुपयांत मनातल्या मनात हिशेब करायचा एक सोपा मार्ग आहे. फ्रँकच्या आकड्यातलं शेवटचं शून्य काढा आणि उरलेल्याची दीडपट करा. हजार फ्रँकचे झाले शंभर, दीडपट म्हणजे दीडशे रुपये. साडेतीन हजारांचे झाले सव्वापाचशे. युरो शंभर रुपयांच्या आसपास असताना हा हिशेब जवळपास बरोबर येतो. युरो वर गेला असेल तर त्या प्रमाणात थोडं वाढवून धरा. भाव सांगितल्यावर फोन काढून गणित करत बसण्यापेक्षा हे बरं. बाजारात फोन हातात धरून उभं राहणं तसंही शहाणपणाचं नाही.

नोटा ५००, १,०००, २,०००, ५,००० आणि १०,००० च्या आहेत. दहा हजारांची सगळ्यात मोठी नोट म्हणजे सुमारे दीड हजार रुपये. म्हणून मोठी रक्कम बाळगायची म्हणजे जाड पुडकं होतं, आणि ते एका खिशात मावत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावं. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या मालिकेच्या नोटा चलनात आल्या, त्यामुळे एकाच किमतीच्या दोन तऱ्हांच्या नोटा हाती आल्या तर लगेच संशय घेऊ नका.

निघण्यापूर्वी करायची कामं

भारतातल्या बँकेत किंवा परवानाधारक विनिमय केंद्रात सीएफए फ्रँक मिळत नाहीत, म्हणून युरोच घ्यायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका प्रवासासाठी रोख परकीय चलन ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतं. त्यापुढची रक्कम कार्डावर न्यावी लागते. युरो घेताना ५० आणि १०० च्या स्वच्छ, न फाटलेल्या, न लिहिलेल्या नोटा मागून घ्या. त्यांत पाच-दहा नोटा १० आणि २० च्या असू द्या. विमानतळावर पहिल्या तासाभरात थोडेच पैसे बदलायचे असतात, तेव्हा त्या उपयोगी पडतात.

फॉरेक्स कार्डावर सीएफए फ्रँक भरता येत नाहीत. त्यावर युरो भरा, एटीएममधून फ्रँक निघतील आणि मध्ये चलन बदलण्याचं थोडं शुल्क कापलं जाईल. ते किती, हे कार्ड घेतानाच लेखी विचारा. कार्ड व्हिसाचंच असावं असा माझा आग्रह आहे. तिथल्या बऱ्याच एटीएमवर व्हिसा बिनतक्रार चालतं, मास्टरकार्ड काही ठिकाणी चालतं आणि काही ठिकाणी नाही. रुपे कार्डावर विसंबून राहू नका. दुसरं एक कार्ड, शक्य तर दुसऱ्या बँकेचं, वेगळ्या बॅगेत ठेवा.

आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंद असतो. तो ॲपमधून स्वतः सुरू करावा लागतो आणि मर्यादाही ठरवावी लागते. हे काम घरीच उरका. त्याहून महत्त्वाचं, बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो त्या सिमचं रोमिंग कॅमेरूनमध्ये चालेल याची खात्री कंपनीकडून करून घ्या. ओटीपी आला नाही तर हातातलं कार्ड निम्मं निकामी होतं.

पैसे संपले तर घरून कुणीतरी पाठवेल, या भरवशावर राहू नका. दुआला-याउंदेत वेस्टर्न युनियनच्या पाट्या जागोजागी दिसतात. पण आपल्याकडच्या नियमांत ही झटपट सेवा परदेशातून भारतात पैसे येण्यासाठी आहे, भारतातून बाहेर पाठवण्यासाठी नाही. बाहेर पाठवायचे तर बँकेतून, कागदपत्रं देऊन, आणि त्यात दिवस जातात. त्याऐवजी फॉरेक्स कार्डात घरून पैसे भरता येतील अशी सोय निघण्यापूर्वी करून ठेवा: ॲप चालू करा, नाहीतर घरातल्या कुणाच्या हाती सही केलेला अर्ज द्या. अडीअडचणीला हाच सगळ्यात जलद मार्ग ठरतो.

बजेटमध्ये धरायचे दोन खर्च लोक विसरतात. एक व्हिसाचं शुल्क. २०२३ पासून अर्ज ऑनलाइन करावा लागतो. दुसरा पीतज्वराच्या लसीचा. कॅमेरूनमध्ये शिरताना पिवळं प्रमाणपत्र मागतातच, पण खरी कडक तपासणी परतताना आपल्या विमानतळावर होते. पीतज्वराच्या देशातून आलेल्या माणसाकडे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं, आणि मग ते आयुष्यभर चालतं. सरकारमान्य केंद्रांवर तारखेसाठी थांबावं लागतं, म्हणून तिकीट काढलं की लगेच त्यामागे लागा.

एटीएम, बँका आणि मोबाइल खातं

दुआला, याउंदे, बाफुसाम यांसारख्या शहरांत एटीएम भरपूर आहेत. इकोबँक, यूबीए, आफ्रिलँड फर्स्ट बँक, बिसेक अशा बँकांच्या पाट्या दिसतील. बँकेच्या इमारतीला लागून असलेलं, दारात पहारेकरी असलेलं एटीएम निवडा आणि बँक उघडी असताना, म्हणजे सकाळी, पैसे काढा. यंत्राने कार्ड गिळलं तर आत जाऊन ते परत मागता येतं. शनिवारी संध्याकाळी कार्ड अडकलं तर सोमवारपर्यंत हात चोळत बसावं लागतं. महिनाअखेरीस पगाराच्या दिवसांत रांगा लागतात आणि यंत्रं रिकामी होतात. वीज किंवा नेटवर्क गेलं तर सगळंच थांबतं. म्हणून खिसा रिकामा होण्याची वाट न पाहता दोन दिवसांचे पैसे हाती असतानाच पुढचे काढून ठेवा.

यंत्राने किंवा हॉटेलच्या काउंटरवर "तुमच्या चलनात रक्कम घेऊ का?" असं विचारलं तर नाही म्हणा, फ्रँकमध्येच घ्यायला सांगा. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो खरा, पण तो दर तुमच्या बँकेच्या दरापेक्षा महाग असतो. दर वेळी पैसे काढण्याचं ठरावीक शुल्क कापलं जातं, म्हणून थोडेथोडे काढण्यापेक्षा एकदम मोठी रक्कम काढून ती सुरक्षित वाटून ठेवणं स्वस्त पडतं.

शहर सोडलं की चित्र बदलतं. पूर्वेकडच्या जंगलभागात, लोबेकेच्या किंवा जा अभयारण्याच्या वाटेवर, कार्डाचा विचारच करू नका. जाण्या-येण्याचे, वाटाड्याचे, प्रवेश शुल्काचे सगळे पैसे शहरातूनच रोख घेऊन निघायचे. वायव्य आणि नैऋत्य या इंग्रजीभाषक प्रांतांत २०१६ च्या अखेरीपासून संघर्ष चालू आहे. तिथे सोमवारी बंद पाळला जातो; बँका, बाजार, वाहतूक थंडावते. कॅमेरून पर्वत, बुएआ, लिंबे ही ठिकाणं नैऋत्य प्रांतातच येतात. तिकडे जाण्याआधी भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात आणि याउंदेतल्या भारतीय उच्चायुक्तालयात आपली नोंद करावी. आणि गेलातच तर सोमवारचे पैसे शनिवारीच हाती असावेत. अगदी उत्तरेकडच्या भागात बोको हरामचा धोका आहे. पर्यटनासाठी तिकडे जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता मोबाइल खात्याबद्दल. कॅमेरूनमधली सर्वसामान्य माणसं बँकेपेक्षा फोनवर जास्त विसंबतात. एमटीएनचं मोमो आणि ऑरेंज मनी ही दोन नावं तुम्हाला पहिल्या दिवसापासून ऐकू येतील. रस्त्याच्या कडेला पिवळ्या किंवा नारिंगी छत्रीखाली टेबल मांडून बसलेली मुलं-मुली, ज्यांना तिथे कॉलबॉक्स म्हणतात, रिचार्जही करतात आणि खात्यात पैसे भरूनही देतात. आठवड्याहून जास्त राहणार असाल तर हे खातं उघडाच. पासपोर्ट दाखवून कंपनीच्या दुकानातून सिम घ्यायचं आणि तिथेच खातं सुरू करून मागायचं. रस्त्यावर आधीच चालू केलेलं सिम घेऊ नका. ते दुसऱ्याच्या नावावर असतं आणि त्यातले पैसेही कायद्याने त्याचेच ठरतात. एमटीएनसाठी *१२६# आणि ऑरेंजसाठी #१५०# दाबलं की यादी उघडते, स्मार्टफोन किंवा इंटरनेट नसलं तरी चालतं. जानेवारी २०२२ पासून सरकारने या खात्यांतून पैसे पाठवण्यावर आणि काढण्यावर ०.२ टक्के कर लावला आहे, त्याशिवाय कंपनीचं शुल्क वेगळं. एवढं गेलं तरी रोख बाळगण्याच्या जोखमीपेक्षा ते परवडतं. हॉटेलं, बस कंपन्या, किराणा दुकानं, पुष्कळशी खाणावळीसुद्धा मोमो घेतात.

पिन कुणालाही सांगू नका, हे यूपीआय वापरणाऱ्यांना सांगायला नको. पण तिथली एक युक्ती माहीत असावी. अनोळखी माणूस फोन करून म्हणतो, "चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा." पाठोपाठ एक संदेशही येतो. तो संदेश खोटा असतो. खात्यातली शिल्लक स्वतः पाहिल्याशिवाय एक फ्रँकही परत करू नका, आणि खरंच पैसे आलेले असतील तर कंपनीच्या दुकानात जाऊन तिथल्या माणसांकरवी परत करा.

सुट्यांचा प्रश्न

कॅमेरूनमध्ये रोज सकाळी उठून काय मोजावं, तर सुटे. नाण्यांची टंचाई तिथल्या लोकांनाही जाच करते, परदेशी माणसाला ती दुप्पट जाणवते. दहा हजारांची नोट काढलीत की टॅक्सीवाला, फळवाली, खाणावळवाली सगळ्यांचं उत्तर एकच: "मोने नाही." मोने म्हणजे सुटे. हा बहाणा असतोच असं नाही, खरोखरच गल्ल्यात नसतात. त्यामुळे मोठी नोट मोडण्याची प्रत्येक संधी साधायची. बँकेत काउंटरवर पैसे घेताना दोन-दोन हजारांच्या, हजाराच्या, पाचशेच्या नोटा मागा. सुपरमार्केटात, पेट्रोल पंपावर, बसच्या तिकिटाच्या खिडकीवर दहा हजारांची नोट द्या, आणि मिळालेले सुटे टॅक्सी आणि बाजारासाठी राखून ठेवा. उलट कधीच करू नका, म्हणजे सुपरमार्केटात सुटे खर्चून टॅक्सीत मोठी नोट काढू नका. फाटलेली, चिकटपट्टी लावलेली नोट हाती आली तर तिथल्या तिथे परत करा. पुढे ती कुणी घेत नाही.

टॅक्सीचीच रीत पाहा. शहरातल्या पिवळ्या टॅक्सी वाटेत माणसं घेत जातात. कडेला उभं राहून आपण ठिकाण आणि देऊ केलेली रक्कम एका दमात मोठ्याने सांगायची. चालकाला पटलं तर तो हॉर्न वाजवतो, मग बसायचं. नाही पटलं तर तो न थांबता पुढे जातो. घासाघीस म्हणतात ती एवढीच, आणि ती बसण्याआधी संपते. दिवसाचं शहरातलं ठरावीक भाडं माणशी ३५० फ्रँकच्या आसपास आहे, लांबच्या पल्ल्याला आणि रात्री जास्त. पूर्ण गाडी फक्त स्वतःसाठी हवी असेल तर "देपो" म्हणायचं आणि रक्कम आधी ठरवायची. तिचा आकडा हजारांत जातो. दारात उभ्या टॅक्सीत काही न बोलता बसलात तर तुम्ही देपो घेतला असं धरलं जातं, आणि उतरताना होणारे बहुतेक वाद इथूनच उद्भवतात. दुआला आणि याउंदेत यँगो हे ॲपही चालतं. रात्री विमानतळावरून येताना किंवा भाषा येत नसताना ते बरं पडतं, कारण भाडं आधीच पडद्यावर दिसतं. मोटरसायकल टॅक्सी सगळ्यात स्वस्त. पण हेल्मेट मिळत नाही आणि तुमच्या प्रवास विम्यात दुचाकीचा अपघात धरलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. शंभर-दोनशे फ्रँक वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये.

रोजचा खर्च

साधेपणाने, पण हाल न करता राहणाऱ्या एका माणसाचा अंदाज असा धरता येईल. स्वच्छ खोली, पंखा किंवा एसी, १५,००० ते २५,००० फ्रँक. खाणंपिणं ५,००० ते ८,०००. शहरातलं फिरणं दोन-तीन हजार. पाणी, फोन, किरकोळ मिळून दीड-दोन हजार. म्हणजे दिवसाला २३,५०० ते ३८,००० फ्रँक, आपले साडेतीन ते पावणेसहा हजार रुपये. हे कॅमेरूनच्या बहुतेक गावांत पुरतं. दुआला हे बंदर आणि व्यापाराचं शहर, तिथे राहणं महाग. कामानिमित्त गेलेल्यांना चांगल्या हॉटेलात याच्या तिप्पट-चौपट मोजावे लागतात. चर्चची अतिथिगृहं मात्र तिथेही स्वस्त आणि सुरक्षित असतात.

हॉटेलचा किंवा मोठ्या रेस्टॉरंटचा दर विचारताना तो कर धरून आहे का, हे नक्की विचारा. बिलावर टीटीसी असेल तर कर धरलेला आहे, एचटी असेल तर नाही, आणि मग त्यावर १९.२५ टक्के मूल्यवर्धित कर चढतो. हॉटेलच्या दर्जाप्रमाणे दर रात्रीचा पर्यटन करही वेगळा लागतो. पाच रात्रींच्या बिलात हा फरक एका जादा दिवसाइतका होऊ शकतो.

खाण्यावर मी थोडं अधिक लिहितो, कारण शाकाहारी वाचक याच धास्तीने सुटकेस खाकऱ्यांनी भरतात आणि तरीही तिथे महागड्या हॉटेलात जेवतात. दोन्हींची गरज नाही. सकाळी रस्त्याच्या कडेला कढई ठेवून बसलेल्या बायका मैद्याचे गोल तळलेले बेन्ये आणि शिजवलेल्या लाल घेवड्याची उसळ विकतात. दोन-तीनशे फ्रँकमध्ये पोट भरतं. कोकी नावाचा पदार्थ तर आपल्या पानगीच्या जातीचा. चवळी वाटून, त्यात लाल पाम तेल घालून, केळीच्या पानात बांधून उकडतात. भाजलेली आणि तळलेली राजेळी केळी, पावाएवढी मोठी ॲव्होकॅडो, पपई, अननस सगळीकडे मिळतात. पालेभाज्यांत मात्र सुकी मासळी किंवा मांस घालण्याची पद्धत आहे, न्दोले नावाच्या पालेभाजीतही असतं. म्हणून ताटात काय आहे हे विचारूनच घ्या. मांसाहारी माणसाची चैन आहे. कोळशावर भाजलेला अख्खा मासा दोन हजारांपासून मिळतो. क्रिबीच्या किनाऱ्यावर ताज्या माशाला जास्त पडतात, आणि ते द्यावेत. बाटलीबंद पाण्याचा खर्च कमी करू नका. सील तपासून घ्या.

एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला खासगी बस कंपन्या आहेत. याउंदे ते दुआला साध्या गाडीत तीन-चार हजार, व्हीआयपी म्हणतात त्या गाडीत त्याच्या दुप्पट. जादा पैसे द्या आणि व्हीआयपीने जा, दिवसाउजेडी जा. या रस्त्यावर अपघात होतात आणि रात्री धोका वाढतो. लहान गावांकडे जाणाऱ्या सामायिक गाडीत पुढच्या एका आसनावर दोघांना बसवतात. दोन्ही जागांचे पैसे देऊन एकट्याने बसणं हा खर्च चैनीचा नाही. याउंदेहून उत्तरेला न्गाऊंदेरेला जाणारी रात्रीची रेल्वे आहे, तिच्यात शयनयानाचं तिकीट काढावं आणि ते एक-दोन दिवस आधी काढावं.

जुनी प्रवासपुस्तकं वाचून बजेट करणाऱ्यांना एक सूचना. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ अशा दोन वेळा सरकारने इंधनाचे दर वाढवले. पेट्रोल लिटरला ६३० फ्रँक होतं ते ८४० वर गेलं. टॅक्सी, बस, भाजी, सगळ्याचे भाव त्याबरोबर चढले. अभयारण्यात जायचं असेल तर हा फटका सगळ्यात मोठा, कारण तिथे खर्चाचा बराचसा भाग चारचाकी गाडी आणि इंधनाचा असतो. चालकासह अशी गाडी दिवसाला ५०,००० च्या वर सहज जाते. ठरवतानाच इंधन कुणाचं, चालकाचं जेवण-राहणं कुणाचं आणि परतीच्या रिकाम्या फेरीचं काय, हे तिन्ही प्रश्न विचारा. शक्य असेल तर तीन-चार जणांनी मिळून जावं. आणि या सगळ्यावर एकूण बजेटचा पाव हिस्सा हात न लावता बाजूला ठेवा: आजारपण, चुकलेलं विमान, बंद पडलेला रस्ता यांसाठी. खासगी दवाखान्यात उपचार सुरू होण्याआधी रोख अनामत मागतात, विमा असला तरी.

भाव करणं, आणि न देणं

फुम्बानच्या कारागिरांच्या गल्लीत किंवा दुआलाच्या फुलांच्या बाजारातल्या कलावस्तूंच्या दुकानांत सांगितलेला भाव ही बोलणीची सुरुवात असते. आधी "बोंजूर" म्हणा, चार शब्द बोला, मग "से कोंब्यां?" म्हणजे किती, असं विचारा. न हसता, तोंड वाकडं न करता आपला आकडा सांगा. एकदा मान्य केलेला भाव मोडायचा नाही. शिजवलेल्या अन्नाचा, बसच्या तिकिटाचा, औषधाचा भाव करायचा नसतो. आणि टोपलीभर टोमॅटो घेऊन उन्हात बसलेल्या बाईशी पन्नास फ्रँकसाठी, म्हणजे साडेसात रुपयांसाठी, भांडू नये. तिच्या दिवसाच्या कमाईत ते पन्नास फ्रँक दिसतात, आपल्या बजेटमध्ये दिसत नाहीत. फ्रेंच आकडे पाचशे ते दहा हजारांपर्यंत पाठ करून जा. सँक सां, मिल, द मिल, सँक मिल, दी मिल. एवढ्या शब्दांनी बाजारातला निम्मा गोंधळ टळतो.

रस्त्यावर पोलिसांच्या चौक्या पुष्कळ. मूळ पासपोर्ट सुरक्षित ठेवून त्याची आणि व्हिसाची पोलीस ठाण्यातून साक्षांकित केलेली प्रत बाळगा, लसीचं प्रमाणपत्र जवळ असू द्या. कागद पूर्ण असतील तर पैसे द्यायचं कारण नाही. कुणी मागितलेच तर शांतपणे "रेस्यू" म्हणजे पावती मागा, वरच्या अधिकाऱ्याला भेटायची तयारी दाखवा, आणि घाई करू नका. घाईत असलेला प्रवासीच पैसे देतो आणि पुढच्या प्रवाशासाठी दर वाढवून ठेवतो.

शहरात फेमान म्हणून ओळखले जाणारे ठग आहेत. चांगले कपडे, गोड बोलणं, एखादं मंत्रालयाचं नाव. काळे कागद रसायनात धुऊन नोटा करून दाखवणं, सोन्याची भुकटी स्वस्तात देणं, सरकारी कंत्राटासाठी आगाऊ रक्कम मागणं, हे त्यांचे ठरलेले मार्ग. व्यापारासाठी जाणाऱ्या आपल्या माणसांनी विशेष सावध राहावं. कुठल्याही सौद्यात आगाऊ रोख देण्यापूर्वी उच्चायुक्तालयात विचारणा करावी. युरो बदलून देणाऱ्याने ठरलेल्या दरापेक्षा फारच जास्त देऊ केलं, तर नोटा मोजण्यात हातचलाखी होणार हे समजावं. चलन बँकेत किंवा परवानाधारक केंद्रात बदला, नोटा काउंटर सोडण्यापूर्वी मोजा, आणि पावती जपून ठेवा.

रोजच्या खर्चाचे पैसे पुढच्या खिशात, दोन दिवसांचे कपड्यांच्या आत कमरेच्या पट्ट्यात, बाकीचे हॉटेलच्या तिजोरीत किंवा कुलूपबंद बॅगेत. नोटांची गड्डी बाजारात उघडायची नाही.

परतताना

तिथून निघण्याच्या दोन दिवस आधी हाती किती फ्रँक आहेत ते मोजा. फ्रँक मुंबईत कुणी बदलून घेत नाही. उरलेले फ्रँक याउंदे किंवा दुआलाच्या बँकेतच युरोत बदलावे लागतात, आणि तिथे तुम्हाला आधीची विनिमयाची पावती आणि परतीचं तिकीट मागितलं जाऊ शकतं. परकीय चलन बाहेर देण्यावर तिथे निर्बंध आहेत, त्यामुळे मोठी रक्कम शेवटच्या दिवशी बदलून मिळेलच असं नाही. म्हणून शेवटच्या चार दिवसांत नवे पैसे काढू नका, हाती आहे त्यात भागवा. मोबाइल खात्यातली शिल्लकही काढून घ्या, सिम बंद झालं की ती मिळवणं कठीण. भारतात परत आणलेले युरो १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा परवानाधारक केंद्रात परत करायचे असतात. २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतचं परकीय चलन मात्र पुढच्या प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवता येतं.